३१० पिंपं

एक दोर गेले कित्येक दिवस मनातून जात नाही. ३ डिसेंबर १९४२च्या रात्री दक्षिण प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, तासाफारोंगाच्या पुळणीवर, जपानी सैनिक काळोखात तो ओढत होते. दुसऱ्या टोकाला समुद्रात लोखंडी पिंपांची माळ तरंगत होती आणि पिंपांत धान्य होतं. ओढणाऱ्यांनी कित्येक आठवडे पोटभर जेवण पाहिलेलं नव्हतं. दोर ओला, अंगात ताकद नाही, दिवा लावायची सोय नाही, आणि उजाडायच्या आत सगळं आवरायचं. रिअर अॅडमिरल तानाका रायझोच्या विनाशिकांनी त्या रात्री १५०० पिंपं पाण्यात सोडली. किनाऱ्याला लागली ३१०. बाकीची सकाळी अमेरिकन विमानांनी मशीनगनने भोकं पाडून बुडवली.

तानाकाचं नाव निघालं की सगळे त्याच्या तीन दिवस आधीच्या रात्रीबद्दल बोलतात. ३० नोव्हेंबरला त्याने आठ विनाशिकांनिशी पाच अमेरिकन क्रूझर्सची, म्हणजे विनाशिकांहून मोठ्या युद्धनौकांची, दाणादाण उडवली, आणि टॉर्पेडोच्या लढाईचा वस्तुपाठ म्हणून ती रात्र आजही सांगितली जाते. ती लढाई मोठी होती यात शंकाच नाही. पण तानाका तिथे लढायला गेलाच नव्हता. तो पिंपं पोचवायला गेला होता. म्हणून त्याच्या युद्धाचा हिशोब बुडवलेल्या जहाजांत मांडला की काहीतरी निसटतं, असं मला वाटत राहतं. तो पिंपांतच मांडायला हवा.

पिंप म्हणजे आपल्याकडे घासलेटाचं किंवा डांबराचं असतं तसंच, साधारण २०० लिटरचं. ते आधी आतून धुऊन निर्जंतुक करायचं, मग त्यात तांदूळ, सातू किंवा औषधं भरायची आणि झाकण पक्कं बंद करायचं. काठोकाठ मात्र भरायचं नाही, आत हवेला जागा ठेवायची. गणित सोपं आहे. २०० लिटरचं पिंप २०० किलो पाणी बाजूला सारतं. नुसतं तांदळाने गच्च भरलं तर आत १६० किलोच्या आसपास तांदूळ मावतो, वर पत्र्याचं वजन २० किलो. म्हणजे ते तरंगेल, पण जेमतेम नाक वर काढून, आणि कुठे चीर गेली किंवा झाकणातून पाणी शिरलं तर गेलंच तळाला. म्हणून माल कमी आणि हवा जास्त. पिंपं एकमेकांना जाड दोराने बांधून त्यांची माळ करायची आणि डेकवर दोन्ही बाजूंना आवळून ठेवायची. किनाऱ्याजवळ पोचलं की आवळण कापायची, पिंपं पाण्यात ढकलायची आणि थांबायचं नाही. लहान होडी दोराचं टोक उचलून किनाऱ्याला नेणार, पुढचं काम तिथल्या सैनिकांचं.

एकेका विनाशिकेवर अशी २०० ते २४० पिंपं चढत. एका पिंपात सव्वाशे किलो माल धरला तर २४० पिंपांचं वजन पस्तीस टनांच्या घरात जातं, आणि तेही उघड्या डेकवर, जहाजाच्या गुरुत्वमध्याच्या वर. अरुंद, निमुळती, वेगासाठी बांधलेली नौका एवढा बोजा माथ्यावर घेऊन वळली की जास्त कलते. मग काय उतरवायचं? फेरभरणीचे टॉर्पेडो. एक टॉर्पेडो २.७ टनांचा, असे आठ म्हणजे साडेएकवीस टन. पिंपं वाहणाऱ्या सहा विनाशिकांनी आपले राखीव टॉर्पेडो शॉर्टलंड बेटाजवळच्या जपानी तळावर काढून ठेवले. नळ्यांमध्ये भरलेले आठ तेवढे जवळ. विनाशिकेचा जीव टॉर्पेडोत असतो. तो अर्धा काढून ठेवून तिला तांदूळ वाहायला लावलं होतं, असं जपानी खलाशांना वाटलं असणारच. या फेऱ्यांना ते 'उंदीर वाहतूक' म्हणत. रात्री यायचं, कोपऱ्यात काहीतरी टाकायचं आणि उजाडायच्या आत बिळात.

उंदरासारखं यावं लागे ते घड्याळामुळे. शॉर्टलंडपासून ग्वाडलकॅनाल सुमारे ३०० सागरी मैल, साडेपाचशे किलोमीटर. बेटावरचा हेंडरसन फील्ड विमानतळ अमेरिकनांच्या ताब्यात, त्यामुळे दिवसा तो सगळा समुद्र त्यांचा. बारा-चौदा नॉटने सरपटणारं मालवाहू जहाज एका रात्रीत जाऊन माल उतरवून परत फिरू शकत नाही. त्याला दिवस गाठतोच. तीस नॉटने धावणारी विनाशिका अंधार पडता पडता शेवटच्या टप्प्यात शिरते, मध्यरात्रीच्या सुमाराला किनारा गाठते आणि उजाडेपर्यंत बऱ्यापैकी लांब जाते. पण तिच्यावर मालाची यारी नाही, पोटात गोदाम नाही. पोती होडीत उतरवून, होडी किनाऱ्याला नेऊन, रिकामी करून परत आणायची, तर तासन् तास जातात, आणि तेवढा वेळ एका जागी उभी विनाशिका म्हणजे आयतं लक्ष्य. उभं न राहता माल देता यावा म्हणून पिंपं आली. युक्ती हुशारीची होती, पण दुसरे सगळे मार्ग संपल्यावर सुचलेली.

ते मार्ग कसे संपले हे तानाकाने डोळ्यांनी पाहिलं होतं. १४ नोव्हेंबरला तो ११ मालवाहू जहाजांचा ताफा घेऊन निघाला होता. दिवसभर विमानं येत राहिली. सहा जहाजं बुडाली, एक मोडक्या अवस्थेत मागे फिरलं. विनाशिका धूर सोडत, नागमोडी पळत, मधेच थांबून पाण्यातली माणसं उचलत होत्या. उरलेली चार जहाजं घेऊन तो रात्रभर पुढेच गेला, आणि पहाटे त्याने विचारलं की ती सरळ किनाऱ्यावर चढवू का. मालवाहू जहाज मुद्दाम रेतीत घुसवणं म्हणजे ते कायमचं गमावणं. एका वरिष्ठाने नकार दिला, दुसऱ्याने होकार. होकार हाती येताच चारही जहाजं पूर्ण वेगात तासाफारोंगाजवळच्या किनाऱ्यावर चढली. उजाडल्यावर विमानं, तोफा आणि एक अमेरिकन विनाशिका, सगळ्यांनी मिळून ती पेटवली. एवढ्या सगळ्यातून किनाऱ्याला लागलं काय, तर सुमारे २००० माणसं, दारूगोळ्याच्या २६० पेट्या आणि तांदळाची १५०० पोती. पोती चार दिवसांची. त्यातल्या किनुगावा मारू आणि हिरोकावा मारू यांचे सांगाडे अजून तिथे आहेत. बेटावरच्या होनियारा शहराच्या पश्चिमेला पाणबुडे त्यांच्यावर उतरतात, आणि सापळ्यांभोवती प्रवाळ वाढलं आहे, मासे फिरतात.

पंधरा दिवसांनी पिंपांची पहिली खेप निघाली. जहाजांची नावं वाचताना प्रत्येक वेळी थांबायला होतं. नागानामी म्हणजे लांब लाट, ताकानामी म्हणजे उंच लाट. कुरोशियो हा काळा प्रवाह. कावाकाझे म्हणजे नदीवरचा वारा, सुझुकाझे म्हणजे गार झुळूक. कागेरो म्हणजे उन्हात थरथरणारी हवा. युद्धनौकांना इतकी हळुवार नावं देणारी माणसं आणि त्या नौकांची कामं यांची सांगड मला आजवर घालता आलेली नाही.

३० नोव्हेंबरच्या रात्री अकराच्या सुमाराला या नौका किनाऱ्याजवळ पोचल्या. वारा पडलेला, काळोख दाट. खलाशी डेकवर पिंपांजवळ उभे, आवळण सोडायच्या तयारीत. समोरून अमेरिकन अॅडमिरल राइट पाच क्रूझर्स आणि सहा विनाशिका घेऊन येत होता, आणि त्याच्याकडे रडार होतं. जपानी नौका रडारवर दिसल्या तेव्हा पुढच्या विनाशिकेने टॉर्पेडो सोडायची परवानगी मागितली. राइट चार मिनिटं घुटमळला. तेवढ्यात दोन्ही ताफ्यांमधला कोन बिघडला. अमेरिकनांनी सोडलेल्या वीस टॉर्पेडोंपैकी एकही लागला नाही. मग क्रूझर्सनी तोफा डागल्या आणि सगळा मारा रडारवर सर्वांत ठळक दिसणाऱ्या, सर्वांत जवळच्या ताकानामीवर पडला. ती पेटली. पण तोफा डागणाऱ्या प्रत्येक क्रूझरने आपल्याच ज्वाळेने आपली जागा दाखवून दिली. तानाकाचा हुकूम थोडक्यात असा होता की पिंपं सोडा, लढाईला लागा. ज्या माणसांचे हात काही सेकंदांपूर्वी दोरावर होते तीच आता नळ्या फिरवत होती. तोफा डागू नका, ज्वाळेच्या दिशेने टॉर्पेडो सोडा आणि वळा, अशी त्यांची वर्षानुवर्षांची रात्रीची तालीम होती.

जपानी टॉर्पेडो ६१ सेंटिमीटर व्यासाचा, नऊ मीटर लांब, ४९० किलो स्फोटकं घेऊन जवळजवळ ५० नॉटने २० किलोमीटर जाणारा. इतर देशांच्या टॉर्पेडोंत इंधन जाळायला दाबाखालची हवा असे, यात शुद्ध ऑक्सिजन. हवेतला नायट्रोजन बुडबुडे होऊन मागे पांढरी रेघ सोडतो. ऑक्सिजनच्या टॉर्पेडोमागे ती रेघ जवळपास नसतेच, त्यामुळे येतोय हे कळायला काही मागमूस नाही. ११ वाजून २७ मिनिटांनी मिनिआपोलिसला दोन लागले. लगेच न्यू ऑर्लिन्सचा दुसऱ्या तोफबुरुजापुढचा सगळा भाग तुटून वेगळा झाला आणि उरलेल्या जहाजाच्या अंगाला घासत मागे गेला. पेन्साकोलाला एक, आणि ११ वाजून ४८ मिनिटांनी नॉर्दॅम्प्टनला दोन. एकवीस मिनिटांत चार जड क्रूझर्स. नॉर्दॅम्प्टन पहाटे बुडाली. सुमारे ४०० अमेरिकन खलाशी गेले. जपानच्या बाजूला एकटी ताकानामी, जवळजवळ सगळ्या माणसांसकट.

आणि किनाऱ्यावर त्या रात्री अन्नाचा कण पोचला नाही.

या एका वाक्यावर तानाकाचं मूल्यमापन दोन तुकड्यांत फुटतं. अमेरिकन नौदलाने त्याला चिवट म्हटलं, आपल्याला सर्वांत जास्त दमवणारा अधिकारी म्हणून त्याच्याबद्दल आदराने लिहिलं. त्याच्या स्वतःच्या नौदलाने मात्र ठपका ठेवला, कारण काम पिंपांचं होतं आणि ते झालं नाही. मला हा ठपका सुरुवातीला अन्यायाचा वाटायचा. आता तसं म्हणवत नाही. ठपका चुकीच्या माणसावर होता, पण मोजमाप बरोबर होतं. डोंगरात झाडाखाली पडलेल्या सैनिकाला नॉर्दॅम्प्टन बुडाल्याचा काय उपयोग होता?

त्या सैनिकाची अवस्था त्यांच्यातल्याच एका अधिकाऱ्याच्या नोंदीत आहे. कोण किती जगेल याचे त्यांनी ठोकताळे बांधले होते. उभं राहता येतं त्याचे तीस दिवस. उठून बसता येतं त्याचे तीन आठवडे. पडूनच असेल तर एक. पडल्या जागी लघवी करू लागला की तीन दिवस, बोलणं थांबलं की दोन, आणि पापणी हलायची थांबली की उद्या. जपानी भाषेत ग्वाडलकॅनालच्या पहिल्या अक्षराचा उच्चार 'गा'. 'गा' म्हणजे भूकही, आणि 'तो' म्हणजे बेट. सैनिक त्याला 'गातो' म्हणू लागले, भुकेचं बेट. तिथे लढाईत मेले त्याहून जास्त जपानी सैनिक उपासमारीने आणि मलेरियाने मेले.

आता पुन्हा दोराकडे. कोकणात रापण ओढताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. दोन्ही दोरांना माणसांची रांग लागते, टाचा वाळूत रुततात, एकाच ठेक्यात सगळ्यांची पाठ मागे झुकते, लाट आत येते तेव्हा ओढायचं आणि मागे जाते तेव्हा नुसतं धरून ठेवायचं. धडधाकट माणसं असली तरी घामाघूम होतात. जाळ्याचं वजन सगळीकडे पसरलेलं असतं, तरी ही गत. पिंपांच्या माळेत प्रत्येक पिंप वेगळं हिसका देतं. एक पिंप प्रवाळाच्या खडकात अडकलं की मागची सगळी माळ त्याच्यावर येऊन रेटते आणि पुढच्या दोरावर सगळा ताण एका जागी पडतो. लाट मागे सरते, दोर तटकन् तुटतो, आणि तुटल्या जागेपलीकडची सगळी पिंपं पुन्हा समुद्राची होतात. अंधारात पोहून दुसरं टोक शोधायला ताकद हवी, आणि ताकद त्याच पिंपांत होती. तानाकाने नंतर कारणं सांगितली ती हीच: किनाऱ्यावर ओढायला पुरेशी माणसं नव्हती, जी होती ती थकलेली होती, दोर तुटले, पिंपं अडकली. वाईट हवामान नाही, शत्रूचा हल्ला नाही. तिथपर्यंतचे साडेपाचशे किलोमीटर पार झाले आणि शेवटचे दोन-तीनशे मीटर झाले नाहीत.

३१० पिंपं म्हणजे सव्वाशे किलोच्या हिशोबाने ३९ टनांच्या आत. बेटावर तेव्हा वीस हजारांहून जास्त माणसं होती. माणशी अर्धा किलो धरलं तर रोजचे दहा टन. चार दिवससुद्धा नाही. त्यातही काही पिंपांत औषधं.

७ डिसेंबरला ताफा पुन्हा गेला. अमेरिकन पीटी बोटींनी, म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या वेगवान बोटींनी, किनाऱ्याजवळ येऊच दिलं नाही. ११ डिसेंबरला तानाका स्वतः तेरुझुकी या नव्याकोऱ्या, १३४ मीटर लांबीच्या विनाशिकेवर होता. १२०० पिंपं सोडली गेली, हाती लागली २२०. त्याच रात्री पीटी बोटीचा टॉर्पेडो तेरुझुकीच्या मागच्या भागात बसला. पीटी बोट म्हणजे लाकडी, जेमतेम चोवीस-पंचवीस मीटरची. स्फोटाने तानाका फेकला गेला आणि बेशुद्ध पडला. त्याला नागानामीवर हलवलं, तेरुझुकी जळत राहिली आणि पहाटेपूर्वी बुडाली. याआधी २५ ऑगस्टला जिंत्सु या त्याच्या ध्वजनौकेवर बॉम्ब पडला होता, तेव्हाही तो असाच बेशुद्ध झाला होता, आणि शुद्धीवर आल्यावर कागेरोवर जाऊन काम पुढे चालू ठेवलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत काम एकच, या बेटावर काहीतरी पोचवायचं.

तानाकाबद्दल लिहिताना जीव गुंततो हे मी लपवत नाही, आणि म्हणूनच एक गोष्ट नोंदवायला हवी. १९४१च्या डिसेंबरपासून याच माणसाच्या ताफ्याने फिलिपिन्समधल्या दावाओला आणि आजच्या इंडोनेशियातल्या मेनाडो, अंबोन इथे जपानी फौजा उतरवल्या. अंबोन बेटावर उतरलेल्या नौदलाच्या तुकड्यांनी फेब्रुवारी १९४२मध्ये लाहा विमानतळाजवळ सुमारे ३०० युद्धकैद्यांना ठार मारलं. तो हुकूम तानाकाचा नव्हता. पण त्या तुकड्या त्याच्या पहाऱ्याखाली समुद्र ओलांडून गेल्या. ग्वाडलकॅनालचे उपाशी सैनिकही दुसऱ्याच्या बेटावर कब्जा करायलाच आले होते. भुकेला बाजू नसते हे खरं. आणि ते तिथे का होते हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एका हातात धरून ठेवणं जड जातं.

तानाका मात्र वरिष्ठांना तोंडावर सांगत राहिला की हे बेट सोडा, मागे येऊन मजबूत फळी उभारा. सांगायचा, आणि हुकूम आला की पिंपं भरून निघायचा. नाही म्हणणारा आणि तरीही करणारा. या दोन्हींतलं एक जरी त्याने सोडलं असतं तर त्याच्याबद्दल मत बनवणं किती सोपं झालं असतं. २९ डिसेंबर १९४२ला त्याला त्या कामावरून हटवलं. ३१ डिसेंबरला टोकियोत सम्राटांच्या संमतीने ग्वाडलकॅनाल सोडायचा निर्णय झाला. मधे दोन दिवस.

नंतर त्याला समुद्रावर लढाऊ ताफा मिळाला नाही. आझाद हिंद सेनेमुळे आपल्याला माहीत असलेल्या रंगूनमध्ये तो नौदलाच्या तळाचा प्रमुख झाला. तिथून युद्धाचा शेवट पाहिला, १९५६ साली त्याची हकीकत अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि १९६९मध्ये तो वारला. त्या हकीकतीत त्याने ३० नोव्हेंबरचं श्रेय आपल्या खलाशांच्या तालमीला दिलं. पराभवाची कारणं सांगताना नियोजनाचा अभाव, हुकमांचा गोंधळ, शत्रूला कमी लेखणं यांवर बोट ठेवलं. पिंपांचे आकडेही दिले, काही न झाकता.

फेब्रुवारी १९४३च्या १, ४ आणि ७ तारखेच्या रात्री विनाशिका परत त्याच बेटाकडे गेल्या, या वेळी रिकाम्या डेकनिशी. तासाफारोंगाच्या थोडं पश्चिमेला, केप एस्परन्स आणि कामिंबोच्या किनाऱ्यांवर माणसं वाट पाहत होती. तीन फेऱ्यांत दहा हजार सहाशेच्या वर सैनिक बाहेर काढले गेले. तानाका तिथे नव्हता. होड्या विनाशिकांना लागल्या तेव्हा अनेकांना दोराच्या शिड्या चढवेनात. हात दोर धरत, पण अंग वर येत नसे. मग वरून खलाशांनी त्यांना धरलं आणि एकेकाला डेकवर ओढून घेतलं.